छायाचित्रकाराची शिदोरी

वसंत व्याख्यानमालेचे दिवस आणि प्रवासाला निघण्याचे दिवस आपल्याकडे बरोबरच येतात. परीक्षा आटोपलेल्या असतात, मुलांना सुट्टी असते, आणि घरोघरी कोठे जावे याची बोलणी सुरू होतात. या बोलण्यांत हल्ली एका प्रश्नाची भर पडली आहे. छायाचित्रे काढायची तर बरोबर काय न्यावे? या प्रश्नाचे उत्तर बहुधा दुकानदाराला विचारले जाते, आणि दुकानदार त्याच्या पद्धतीने ते देतो. हाच प्रश्न इतिहासाला विचारला तर काय उत्तर येते, हे पाहण्याचा येथे विचार आहे. त्यासाठी जळगाव-धुळ्याच्या माणसाला फार दूर जावे लागत नाही. अजिंठ्याची लेणी सरकारी नकाशात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पडतात खरी. पण वाटेच्या हिशेबाने ती खानदेशाची शेजारीण आहेत. जळगावपासून फर्दापूर सुमारे साठ किलोमीटर. या वाटेने गेल्या पावणेदोनशे वर्षांत चित्रे टिपण्याचा जो जो सरंजाम गेला, त्याचा इतिहास म्हणजे प्रवासातील छायाचित्रणाची एक पाठशाळाच आहे.

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. पुढे जेम्स फर्ग्युसन या वास्तुशास्त्राच्या अभ्यासकाने १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचून या लेण्यांची दुरवस्था मांडली. चित्रे झडत आहेत, ती नाहीशी होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून घ्याव्यात, अशी मागणी झाली. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला त्या कामावर नेमले आणि तो १८४४ साली अजिंठ्यास आला. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ काव्यामुळे आणि २०१२ सालच्या चित्रपटामुळे गिल आणि पारो यांची कहाणी आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्या कहाणीत गिल चित्रकार म्हणून भेटतो. तो छायाचित्रकारही होता, याकडे सहसा आपले लक्ष जात नाही.

छायाचित्रणाची कला १८३९ सालीच जगापुढे आली होती. मग गिलने सुरुवातीला कुंचला का उचलला? त्या काळच्या दागेरच्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर एकच चित्र उमटे. त्याच्या प्रती निघत नसत आणि त्यात रंगही नसत. अजिंठ्याची थोरवी तर रंगांत आणि रेषांत. जे टिपायचे तेच ज्या साधनात उतरत नाही, ते साधन कितीही नवे असले तरी काय कामाचे? तेव्हा मोठमोठे कॅनव्हास आणि तैलरंग, हीच गिलची पहिली निवड होती, आणि ती रास्त होती.

पुढील दहा-बारा वर्षांत चित्र पालटले. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवर निगेटिव्ह घेण्याची ओल्या पट्टीची रीत प्रसिद्ध केली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील एक जाणते छायाचित्रकार होते. १८५५ साली मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज याला विजापूर आणि इतर ठिकाणच्या प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्यास नेमले. बिग्जने कागदी निगेटिव्ह वापरले. कागद वजनाला हलका, फुटण्याची भीती नाही. पण त्याच्या तंतूंमुळे चित्राची रेघ मऊ पडते. काचेवर रेघ लख्ख येते; पण काच जड, ठिसूळ आणि हट्टी. हलके की नेमके, हा प्रवासी छायाचित्रकाराचा सनातन पेच तेव्हापासूनचा आहे.

ओल्या पट्टीचा हट्ट काय होता, ते थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. कापूस तीव्र आम्लांत मुरवून गनकॉटन बनवतात. ते ईथर आणि अल्कोहोल यांत विरघळवले की कलोडियन नावाचा चिकट द्राव होतो. तो काचेवर एकसारखा ओतायचा, मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे, आणि ओली असतानाच डेव्हलप करायची. सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. पट्टी वाळली की काम संपले. याचा अर्थ असा की छायाचित्रकाराला अंधारखोली घरी ठेवून निघता येत नसे. तंबू, द्रावांच्या बाटल्या, तबके, काचांच्या पेट्या आणि धुण्यासाठी भरपूर स्वच्छ पाणी, हे सारे कॅमेऱ्याशेजारी हवे.

आता हा सरंजाम खानदेशच्या उन्हात नेऊन पाहा. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सियसला उकळते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडून जातो. त्या उन्हात कापडी तंबूत बसून काचेवर कलोडियन ओतायचे म्हणजे ते पसरण्याआधीच सुकायचे. वर ईथरच्या वाफा डोक्यात जाणार, त्या पेट घेण्याचा धोका निराळा. लेण्यांखालची वाघूर नदी उन्हाळ्यात आटते, तेव्हा धुण्याच्या पाण्याचीही ओरड. पावसाळ्यात पाणी मुबलक, पण उजेड कोंदलेला आणि हवा दमट. उरतात ते पावसाळा सरल्यानंतरचे चार महिने. प्रवासाची तिथी पंचांगात पाहण्याऐवजी हवेत आणि नदीत पाहावी लागे. सामानाची यादी करण्याआधी ऋतू ठरवावा, हा या इतिहासाचा पहिला धडा.

दुसरा धडा आकाराचा आहे. त्याच काळात, १८६३ सालापासून, सॅम्युअल बोर्न हा इंग्रज हिमालयात छायाचित्रे घेत हिंडत होता. बारा इंच लांब व दहा इंच रुंद अशा मोठ्या काचा त्याला हव्या असत, आणि पहिल्याच मोठ्या सफरीत त्याच्याबरोबर सुमारे तीस हमाल होते. दोन मिलीमीटर जाडीची काच धरली, तर अशा शंभर काचांचे वजन जवळजवळ चाळीस किलो भरते. गिलने स्टिरिओ कॅमेरा पसंत केला. त्यात एकाच छोट्या काचेवर शेजारी शेजारी दोन चित्रे उमटतात, आणि ती दुहेरी भिंगांच्या यंत्रातून पाहिली की दृश्याला खोली येते. ही काच सव्वातीन इंच बाय पावणेसात इंच. शंभरांचे वजन सातएक किलो. बैलगाडीला ते सहज पेलते आणि लेण्यांच्या चढणीवर एका माणसालाही पेलते.

पण लाभ केवळ वजनाचा नव्हता. लहान काचेला लहान केंद्रांतराचे भिंग पुरते. अशा भिंगात जवळचा खांब आणि मागची मूर्ती दोन्ही स्पष्ट येतात, शिवाय पट्टीला प्रकाशही थोडा वेळ दाखवावा लागतो. अंधाऱ्या लेण्यात, पट्टी वाळत असताना, हे केवढे वरदान! आणि डोंगर पोखरून केलेल्या वास्तूचे सारे मर्म तिच्या खोलीत असते; ती खोली स्टिरिओच्या जोडचित्रांतच प्रत्ययास येते. हीच शहाणीव दुसऱ्या टोकाला, मिसर देशात दिसते. १८६५ साली पियाझी स्मिथ या खगोलशास्त्रज्ञाने महान पिरॅमिडच्या आतली चित्रे घेतली, ती मॅग्नेशियमच्या उजेडात, एक इंच चौरसाच्या इवल्याशा काचांवर. अंधार आणि अडचण असेल तेथे दोघेही लहान कॅमेऱ्याकडेच वळले.

तिसरी गोष्ट रंगांची. कलोडियनच्या पट्टीला निळा प्रकाश दिसतो, तांबडा-पिवळा जवळजवळ दिसत नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर तर तांबड्या आणि पिवळ्या गेरूचे साम्राज्य. ती चित्रे या पट्टीवर काळवंडून जाणार हे उघड आहे. गिलच्या छायाचित्रांत दर्शनी भाग, खांब, चैत्य आणि मूर्ती यांचाच भरणा का, याचे कारण मला येथे दिसते. रंगांसाठी कुंचला आणि घडणीसाठी कॅमेरा, अशी वाटणी त्याने केली. आपल्या साधनाला काय दिसत नाही, हे ज्याला ठाऊक असते तोच त्या साधनाचा खरा धनी.

या निवडीची किंमत पुढे काळाने ठरवली. १८६४ साली गिलची छायाचित्रे फर्ग्युसनच्या मजकुरासह दोन ग्रंथांत प्रसिद्ध झाली. एकात ७४ चित्रे होती, दुसऱ्यात शंभर स्टिरिओ जोड्या. दोनच वर्षांनी, डिसेंबर १८६६ मध्ये, लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तेथे टांगलेले गिलचे कॅनव्हास, पाचएक वगळता, जळून गेले. वीस वर्षांची मेहनत एका रात्रीत राख झाली. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून सुमारे तीनशे नकला करवून घेतल्या. त्यांतीलही शंभराहून अधिक १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत गेल्या. एकेक प्रत असलेली चित्रे एका ठिकाणी साठवली, की एक ठिणगी पुरते. काचेच्या लहान निगेटिव्हवरून मात्र अनेक प्रती निघाल्या, अनेक घरांत आणि ग्रंथालयांत पोचल्या, आणि म्हणून टिकल्या. भिंतीवरचा जो रंग १८४४ नंतर झडला तो आता कोणी परत आणू शकत नाही. त्या काळाची लेणी आपल्याला दिसतात ती मुख्यतः त्या जोडचित्रांमुळेच.

या कथेला एक दुःखद बाजूही आहे. नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून गिल आणि ग्रिफिथ्स या दोघांच्याही काळात भिंतींवर व्हार्निश फासले गेले. काही काळ चित्रे उजळली. मग ते व्हार्निश पिवळे-काळे पडत गेले आणि चित्रे झाकू लागले. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणून चित्रांची दुरुस्ती करवली, त्यांनीही लाखेचा लेप वापरला, आणि पुढच्या पिढ्यांना तो काढत बसावे लागले. हेतू जतनाचा होता, साधन मात्र घातक ठरले. आज चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे. ती जाचक वाटली तर हा इतिहास आठवावा.

रंग कॅमेऱ्यात उतरायला विसावे शतक उजाडावे लागले. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हळदार आदी तरुण आले, तेही हाताने नकला करण्यासाठीच. हैदराबादच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या पंचवीस वर्षांत चार भागांत अजिंठ्याची रंगीत चित्रे प्रसिद्ध केली आणि ती छायाचित्रणावर आधारलेली आहेत, हे ग्रंथाच्या नावातच नोंदवले. १९९१ साली बिनॉय बहल यांनी प्रखर दिवे टाळून, मंद उजेडात, पट्टी दीर्घकाळ उघडी ठेवून ती चित्रे घेतली. गिलला मिळाली नाही ती सोय बहल यांना फिल्मने दिली. पण दोघांचेही खरे भांडवल एकच होते: तिपाई आणि धीर.

आणि प्रवासच न करणारा छायाचित्रकार पाहायचा असेल, तर तोही खानदेशातच आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्यातील पन्नासएक वर्षे घराच्या चार भिंतींत काढली. घरातल्या क्षुल्लक वस्तू टेबलावर मांडून त्यांनी डोंगर, वाटा, हिमवर्षाव असे देखावे उभे केले आणि त्यांची चित्रे घेऊन कीर्ती मिळवली. दूर जाण्याने चित्र होत नाही, हे त्यांनी दाखवले. काय पाहायचे आहे हे आधी मनात ठरले, की साधन घरातही सापडते.

आता आपल्या सुट्टीच्या प्रवासाकडे वळू. पट्ट्या आणि ईथर गेले. त्यांच्या जागी विजेरी, साठवणुकीची कार्डे आणि चार्जर आले. पण प्रश्नांचा क्रम बदललेला नाही. आधी ऋतू आणि वार. अजिंठा सोमवारी बंद असतो, हे ठाऊक नसल्याने महागडा कॅमेरा घेऊन फर्दापुराहून परतणारे लोक आहेत. मग वाट. खासगी गाडी तिठ्यापाशी सोडून पुढे ठरलेल्या बसने आणि मग पायऱ्यांनी जायचे आहे, तेव्हा जे खांद्यावर पेलते तेवढेच घ्यावे. मग उजेड. आत अंधार आहे, फ्लॅश चालत नाही आणि तिपाईला पुराणवस्तू खात्याची परवानगी लागते. तेव्हा दूरचे दाखवणारे भलेमोठे भिंग घरी ठेवून मंद उजेडात काम देणारे एक लहान भिंग न्यावे. पाटणादेवी, पितळखोरे, तोरणमाळ येथे गणित निराळे होईल. तेथे धूळ आणि ऊन हे शत्रू. उन्हात उभ्या गाडीत कॅमेरा ठेवू नये आणि एक जुने सुती धोतर सामान गुंडाळायला बरोबर असावे. आणि शेवटी, चित्रांची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. क्रिस्टल पॅलेसची आग हाच त्याचा दाखला.

शिदोरीत एक वस्तू मात्र कधी विसरू नये, ती म्हणजे वही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रे जपलेली आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांनी अस्सल कागदासाठी गावोगाव पायपीट केली, आणि तारीख-ठिकाणाचा मेळ घातल्याशिवाय कागद बोलत नाही हे आपल्याला शिकवले. छायाचित्राचेही तसेच आहे. कोठले, केव्हाचे, कोणत्या बाजूने, हे लिहून ठेवलेले नसेल तर पन्नास वर्षांनी ते केवळ एक सुंदर कोडे उरते. आज आपल्या गावची वेस, तापीचा घाट, चांगदेवाचे देऊळ टिपणाऱ्याला उद्याचा गिल व्हायचे असेल, तर त्याने दोन ओळी लिहिण्याचा आळस करू नये.

रॉबर्ट गिल १८७९ साली भुसावळ येथे वारला आणि तेथेच त्याचे दफन झाले. इतक्या मोठ्या कामाचा माणूस आपल्या जिल्ह्याच्या मातीत आहे. त्याचे मोठे कॅनव्हास जळाले, तळहातावर मावतील अशी चित्रे उरली. प्रवासाला निघताना पेटी भरण्यापूर्वी प्रत्येकाने एवढे आठवावे, आणि जे चित्र उरावेसे वाटते त्याच्या मापाने सामान घ्यावे.