हिरव्या रंगाची साक्ष

एच. जी. वेल्स यांचे नाव आपण घेतो ते वैज्ञानिक कादंबरीच्या संदर्भात. त्यांच्या ‘लिटल वॉर्स’ (१९१३) या चिमुकल्या पुस्तकाकडे साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. घरातल्या जमिनीवर खेळण्यातले सैनिक मांडायचे, स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळे झाडायचे आणि नियमांनी बांधलेली लढाई खेळायची, असा त्याचा विषय. हे सैनिक लंडनच्या ब्रिटन कंपनीचे होते. वितळलेला धातू साच्यात ओतून लगेच उलटा करायचा, म्हणजे आत पोकळी राहते आणि सैनिक स्वस्त पडतो, ही युक्ती विल्यम ब्रिटन यांनी १८९३ मध्ये बाजारात आणली होती. वेल्स यांच्या खेळाचा पाया असा दुकानातल्या तयार सैनिकांचा होता.

सैनिक स्वतः घडवण्याची गरज पुढे निर्माण झाली, आणि ती टंचाईतून. डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या ‘वॉर गेम्स’ (१९६२) या पुस्तकानंतर इंग्लंडमध्ये हा छंद नव्याने फोफावला. हाताशी होते एअरफिक्सचे मऊ प्लॅस्टिकचे सैनिक: जेमतेम इंचभर उंचीचे आणि शाळकरी मुलाच्या खिशाला परवडणारे. पण संचांची यादी मोजकी होती. एखाद्याला नेपोलियनचे घोडदळ हवे असे आणि यादीत ते नसे. मग एकाचे डोके कापून दुसऱ्याच्या धडावर टाचणीने बसवायचे, कोटाचे घोळ प्लॅस्टिसिनने वाढवायचे आणि वर ‘बनाना ऑइल’ नावाच्या रोगणाचा हात फिरवायचा. प्लॅस्टिसिन ही विल्यम हार्बट या बाथमधील कलाशिक्षकाची १८९७ मधील निर्मिती. विद्यार्थ्यांनी मूर्ती पुन:पुन्हा मोडावी आणि घडवावी यासाठी ती कधीच न सुकणारी केलेली. शिकण्यासाठी तो गुण होता, टिकण्यासाठी तोच दोष ठरला.

अमेरिकेतही हीच टंचाई होती. गॅरी गायगॅक्स यांना मध्ययुगीन लढाईच्या खेळात ड्रॅगन हवा होता आणि तो बाजारात मिळत नव्हता. त्यांनी प्लॅस्टिकच्या स्टेगोसॉरसचाच ड्रॅगन केला. स्वस्त खेळण्यांच्या पुडीत कसलेच धड रूप नसलेले प्राणी निघत. त्यांच्यावरून पुढे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळातले आउलबेअर, रस्ट मॉन्स्टर यांसारखे राक्षस जन्मले. कल्पना आधी आणि तिला साजेसे रूप नंतर, असे आपण गृहीत धरतो. इथे क्रम उलटा आहे. रूप आधी हाती आले, नाव आणि कथा मागाहून.

या छंदात अशा फेरफाराला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. मराठीत त्याला ‘रूपांतर’ हाच शब्द शोभतो. देवलांनी ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ केले तेव्हा वापरलेला शब्दही हाच. मूळ सांगाडा दुसऱ्याचा, आणि तरीही हाती आलेली वस्तू केवळ नक्कल नव्हे.

या रूपांतराला टिकाऊ माध्यम मिळाले ते एपॉक्सी पुट्टीच्या रूपाने. आपल्याकडे गळक्या नळाला लावतात ते एम-सील याच कुळातले. (एपॉक्सी रेझिनच्या आद्य संशोधकांपैकी स्वित्झर्लंडचे पिएर कास्टान हे १९३०च्या दशकात दंतवैद्यकासाठी द्रव्य शोधत होते, आणि लघुमूर्तिकाराच्या मेजावरची निम्मी हत्यारे दंतवैद्याकडची असतात. योगायोग खरा, पण गोड आहे.) नीडॅटाइट नावाची अमेरिकन पुट्टी निळ्या आणि पिवळ्या पट्ट्यांत मिळते. दोन्ही समप्रमाणात मळल्या की हिरवा गोळा होतो. सुरुवातीला तो चिकट असतो, म्हणून हत्यार सतत ओले ठेवावे लागते. या वेळी वस्त्राच्या चुण्या चांगल्या उतरतात. तासाभराने तो आवळू लागतो, आणि तेव्हा पट्ट्याची कड किंवा पात्याची धार काढायची. काही तासांत तो कायमचा घट्ट होतो. म्हणजे काय कधी करायचे हे कलावंताच्या लहरीपेक्षा द्रव्यच ठरवते.

न्यूअर्क येथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या सिटाडेल मिनिएचर्ससारख्या कंपन्यांमधले मूर्तिकार याच पुट्टीत मूळ मूर्ती घडवू लागले. तारेचा सांगाडा, त्यावर थरावर थर, आणि एकूण उंची सुमारे २८ मिलिमीटर. हातभर अंतरावरून चेहरा दिसावा म्हणून डोके आणि पंजे मुद्दाम मोठे. साचा दोन पाकळ्यांचा असल्याने हात बाजूला पसरलेले, शस्त्र एकाच प्रतलात. त्या काळच्या सैनिकांची ती चपटी, ताणलेली ढब पाहून हसू येते. पण साच्याचे बंधन ध्यानात घेतले की ती वृत्ताच्या बंधनासारखी वाटू लागते.

या मूळ मूर्तीचे पुढे काय होते, हे मला सर्वांत विलक्षण वाटते. तिला रबराच्या दोन चकत्यांमध्ये ठेवून उष्णता आणि प्रचंड दाब देतात. प्लॅस्टिसिन इथे टिकलेच नसते. एपॉक्सी साचा तयार होईपर्यंत तग धरते, पण मूर्ती पुष्कळदा तडकते, तिचा हात किंवा शस्त्र मोडते. त्या साच्यातून धातूच्या काही प्रती निघतात, त्यांच्यावरून विक्रीच्या मालाचे साचे होतात, आणि निवताना धातू आकसत असल्याने प्रत्येक पिढी किंचित लहान होते. दुकानातला सैनिक हा असा मुळाचा नातू असतो. पाठचिकित्सा शिकलेल्यांना हस्तलिखितांची वंशावळ आठवेल. फरक इतकाच की इथे मूळ प्रत काळाच्या ओघात हरवत नाही. प्रती काढण्याच्या क्रियेतच तिचा बळी जातो.

वॉल्टर बेन्यामिन यांचा यांत्रिक पुनरुत्पादनावरचा निबंध आपण वर्गात शिकवतो. हजारो प्रतींमुळे मूळ कलाकृतीचे तेजोवलय विरते, असे त्याचे सूत्र. पण छांदिष्ट माणूस त्या हजारांतली एक प्रत उचलतो, बारीक करवतीने तिचा हात कापतो, तार घालून नवा बसवतो आणि फट हिरव्या पुट्टीने भरतो. साच्यातून आलेली वस्तू पुन्हा एकमेव होते, आणि तेही ज्या द्रव्यात तिचे मूळ घडले होते त्याच द्रव्याने. बेन्यामिन यांना हा उलटा प्रवास आवडला असता, असे मला वाटते.

रंग देण्यापूर्वी अशी मूर्ती पाहावी. धातूचा किंवा प्लॅस्टिकचा करडेपणा हा कारखान्याचा भाग आणि हिरवा हा याचा. मूळ कुठे संपले आणि रूपांतर कुठे सुरू झाले, हे इतक्या स्वच्छपणे कुठल्याही संहितेत दिसत नाही. अस्तराचा पहिला हात बसला की ही सीमारेषा पुसली जाते. म्हणूनच ही मंडळी अस्तरापूर्वीचे छायाचित्र आवर्जून काढून ठेवतात. व्यवसायातही मूळ मूर्तीला ‘ग्रीन’ असेच म्हणण्याचा प्रघात पडला, पुट्टी करडी असली तरी.

हाताचे हे नाते किती खोल असते ते मायकल पेरी यांच्या उदाहरणातून दिसते. मायकल आणि त्यांचे जुळे बंधू ॲलन हे या क्षेत्रातले नामवंत मूर्तिकार. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या एका ऐतिहासिक लढाईच्या पुनर्दर्शनात तोफेचा अपघात झाला आणि मायकल यांनी उजवा हात गमावला. ते डाव्या हाताने मूर्ती घडवायला शिकले आणि त्यांनी काम चालू ठेवले. त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या मूर्ती शेजारी ठेवून शैलीचा अभ्यास कुणीतरी करायला हवा. एखाद्या लेखकाच्या हस्ताक्षराबाबत आपण तो केलाच असता.

गेल्या दोन दशकांत मोठ्या कंपन्यांचे मूर्तिकाम बव्हंशी संगणकावर गेले. तिथे मूळ मूर्ती तडकत नाही, चूक मागे घेता येते, आणि चिलखताच्या दोन बाजू अचूक सारख्या होतात. याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. उत्तम काम तिथेही होते. पण संगणकातल्या फाइलीत करडा आणि हिरवा असा भेद नसतो. कोणाचा हात कुठे लागला हे तिथे वस्तूकडे पाहून कळत नाही, विचारावे लागते. जुने ‘ग्रीन’ संग्राहकांकडे अधूनमधून दिसतात. एखाद्याचे शस्त्र गेलेले असते, एखाद्याच्या कमरेवर साच्याच्या दाबाचा तडा असतो, आणि झग्याच्या मागच्या बाजूला, जिथे कुणी पाहणार नव्हते तिथे, कधीकधी बोटाचा पुसटसा ठसाही सापडतो.