फुप्फुसातील सांधेजोड

दगडखाणीतल्या कामगाराला धाप लागली की 'विड्या ओढत असेल' असे ऐकविले जाते. हे उत्तर आम्हां चळवळीतल्या माणसांना पटेना. म्हणून आम्ही पुस्तके उघडली, आणि तीन शतकांचा इतिहास हाती लागला.

१६६१ साली इटलीतील बोलोन्या येथे माल्पिगीने बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरले. त्याला वायुकोश दिसले, त्यांच्या भिंतींतील केशवाहिन्या दिसल्या. १८३९ साली श्वानने प्राण्यांचे शरीर पेशींचे असते असे प्रतिपादिले; १८५८ साली बर्लिनच्या फिर्खोने रोगाचे मूळही पेशींतच शोधले. तथापि वायुकोशांची भिंत इतकी पातळ की साधी भिंगे तेथे हरली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला, तेव्हा १९५२ साली फ्रँक लो याने उंदराच्या फुप्फुसात त्या भिंतीवरचे पेशींचे अखंड अस्तर दाखविले.

अस्तराच्या आत संयोजी ऊतीच्या पेशी असतात. त्यांना फायब्रोब्लास्ट म्हणतात. भिंतीला बळकटी देणारे तंतू विणणे हे त्यांचे काम. १९६७ साली रेव्हेल आणि कार्नोव्स्की यांनी उंदराच्या हृदयात व यकृतात शेजारच्या पेशींमधील 'गॅप जंक्शन' हे सांधे दाखविले. तेथे दोन पेशींमधील फट एका मिलिमीटरच्या सुमारे पाच लाखाव्या भागाइतकी; पण तिच्यातील सूक्ष्म नळ्यांतून एकीचा निरोप दुसरीला पोचतो. १९७४ साली जिनीव्हाच्या संशोधकांनी उंदराच्या फुप्फुसातील या संयोजी पेशींत आकुंचन पावणारे धागे दाखविले. त्या दशकाअखेर त्या पेशीही अशाच सांध्यांनी परस्परांशी जोडलेल्या आढळल्या. एकटी वाटणारी पेशी एकटी नव्हती.

आता खाणीकडे वळू. दगडाची बारीक धूळ वायुकोशात शिरते. रक्षक पेशी ती गिळतात व मरतात. मरताना हाकाटी करतात. ती ऐकून फायब्रोब्लास्ट तंतू विणू लागतात. धूळ बाहेर जात नाही, म्हणून विणणेही थांबत नाही. मऊ फुप्फुस निबर होते. हाच सिलिकोसिस. जखम भरून काढणारे हातच येथे गळा आवळतात.

दोष त्या पेशींचा नाही, कामगाराच्या विडीचाही नाही. दोष धुळीचा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसची गणना व्यवसायजन्य रोगांत केली. निबर झालेले फुप्फुस पुन्हा मऊ करणारे औषध नाही. मात्र दगडावर पाणी मारता येते, धूळ ओढून घेणारे पंखे बसविता येतात. तेवढे मागण्यासाठी आम्हांला हा इतिहास पुरेसा आहे.