आठ टक्के

माझ्या मावशीची कंबर कायम दुखायची. चंद्रपूरकडे जन्मभर शेतात राबलेली बाई, कंबर दुखणारच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. अंगावरून पांढरं जाण्याचा त्रास वीसेक वर्षं होता हे तिने सांगितलं ते माझ्या बायकोला, मला नाही. आधी का बोलली नाहीस, असं विचारल्यावर म्हणे, "कोणी इचारलं नाही, तं काय सांगू?"

हे डोक्यात घोळत असताना एका शनिवारी १९८९ सालचा एक शोधनिबंध वाचायला घेतला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी लिहिलेला, 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात आलेला. पानं अवघी चार.

गोष्ट गडचिरोलीची. बंग पतिपत्नी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. तेव्हा सरकारी हिशेबात खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण, बाळंतपण आणि नसबंदीचं टार्गेट. बाकीच्या आजारांची माहिती मिळायची ती बहुतेक दवाखान्यात आलेल्या बायकांवरून. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना यातली गोम लगेच कळायला हवी. तक्रार आली तेवढेच बग धरले, तर ज्याने फोनच केला नाही ते गिऱ्हाईक एकदम खूश ठरतं! बंग यांनी उलट केलं. दोन गावं घेतली आणि तक्रार असो वा नसो, बायकांना तपासलं. नुसते प्रश्न विचारून नाही, तर प्रत्यक्ष तपासणी आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या करून.

एकूण ६५० बायका. त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, किमान एक तरी. सरासरी बाईमागे ३.६ आजार, त्यातले निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे. आणि याआधी कधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका किती? ८ टक्के. (९२ आणि ८ ची बेरीज शंभर होते हा निव्वळ योगायोग, दोन्ही मोजण्या वेगळ्या. मीही आधी फसलो.)

मला छळतो तो आणखी एक आकडा. ४५ टक्के बायकांची काहीच तक्रार नव्हती. पण निरोगी तर सगळ्या मिळून फक्त ८ टक्के होत्या! म्हणजे साधी वजाबाकी केली तरी शंभरातल्या निदान ३७ बायका आजार अंगावर घेऊन "मला काही नाही" म्हणत होत्या.

पुढे १९९४ च्या कैरो परिषदेत 'प्रजनन आरोग्य' हा शब्द जगाच्या अजेंड्यावर आला, १९९६ मध्ये भारताने कुटुंबनियोजनाची टार्गेटं रद्द केली, १९९७ मध्ये प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम सुरू झाला. हे सगळं चार पानांमुळे झालं असं म्हणणं अति होईल. पण पुरावा मागणाऱ्यापुढे ठेवायला ती पानं होती.

मग उपचाराचं काय? प्रयोगशाळा गावोगाव नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने लक्षणांवरून औषध द्यायचे फ्लोचार्ट सुचवले. पांढरं जातंय? मग ही गोळी. आमच्या भाषेत इफ-एल्स. आणि इथे गोव्याने घोळ दाखवला. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथे सुमारे २,५०० बायकांचा अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २००५-०६ मध्ये आले. पांढरं जाण्याची तक्रार आणि प्रत्यक्ष संसर्ग यांची जुळणी अगदीच कमजोर निघाली. तक्रारीचं नातं जास्त घट्ट होतं ते मनावरच्या ताणाशी. कारण विचारलं तर बायका ताण आणि अंगातली उष्णता ही कारणं संसर्गापेक्षा जास्त सांगत होत्या.

म्हणजे गडचिरोलीत आजार आहे पण तक्रार नाही, गोव्यात तक्रार आहे पण संसर्ग नाही. इफ-एल्सवाल्याने काय करावं?

हे वाचून मी बायकोला विचारलं, मावशी कारण काय सांगत होती गं?

"गरमी," ती म्हणाली. "काका गेले आणि वावर विकलं, त्या वर्षीपासून."

मावशीच्या तपासणीत संसर्ग निघाला होता. औषधाने तो गेला. कंबर अजून दुखते.