ट्रान्सजेंडर मूल: शाळेत कोणत्या नावाने हाक मारावी?

जन्मावेळी नोंदवलेले लिंग काही मुलांना स्वतःचे वाटत नाही. ही जाणीव दीर्घकाळ टिकते तेव्हा अशा मुलाला ट्रान्सजेंडर म्हणतात. केवळ कपडे किंवा खेळांच्या आवडीवरून तसा निष्कर्ष काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ वर्गीकरणात हा मानसिक आजार मानलेला नाही.

त्रास कुठे होतो?

मराठीत लिंग ‘तो’ आणि ‘ती’पुरते नसते, ते क्रियापदातही येते: ‘तू आलास?’, ‘तू आलीस?’, ‘मी जातो’, ‘मी जाते’. त्यामुळे असे मूल वर्गात बोलणेच टाळू शकते. त्यात ‘बायल्या’ म्हणून चिडवणे सुरू झाले, तर शाळा नकोशी होते.

नावाने फरक पडतो का?

अमेरिकेत १२९ तरुणांवर झालेल्या अभ्यासात (२०१८), घर, शाळा, मित्र अशा अधिक ठिकाणी निवडलेले नाव वापरले जाणाऱ्यांमध्ये नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी आढळले. हाक बदलणे हा वैद्यकीय उपचार नाही, ती पुन्हा बदलताही येते.

नियम काय सांगतात?

२०१९ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांमध्ये भेदभावास मनाई केली. एनसीईआरटीने २०२१ मध्ये शिक्षकांसाठी काढलेली पुस्तिका आक्षेपांनंतर मागे घेतली गेली. त्यामुळे रोजच्या हाकेचा प्रश्न बहुधा मुख्याध्यापकांशी बोलूनच सुटतो. कागदोपत्री बदल वेगळा: त्याचे सध्याचे नियम नागापूरच्या पालकांनी अहिल्यानगरच्या जिल्हाधिकारी किंवा समाजकल्याण कार्यालयात विचारावेत.

पालकांनी काय करावे?

- कोणते नाव, कुठे आणि कोणासमोर वापरायचे, हे आधी मुलाला विचारा. त्याच्या संमतीशिवाय शाळेला सांगू नका.
- हजेरीपटावरील नाव न बदलताही टोपणनावाने हाक मारता येते. शिक्षकांना तशी विनंती करा.
- निर्णय होईपर्यंत ‘सांग’, ‘लिही’, ‘बस’ असे बोलावे. या रूपांत लिंग येत नाही.
- चिडवण्याची तक्रार लेखी द्या.

डॉक्टरांकडे कधी जावे?

झोप किंवा भूक कमी होणे, शाळा टाळणे, एकटे राहणे असे दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मूल ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्यांकडे नेऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. मूल मरणाची भाषा बोलले किंवा स्वतःला इजा करू लागले, तर त्याला एकटे सोडू नका, लगेच रुग्णालयात न्या. टेली-मानस १४४१६ आणि चाइल्डलाइन १०९८ या मोफत हेल्पलाइन आहेत.