रेषेच्या जाडीत मावलेली वाहतूक

शहरातल्या सायकलींचे प्रवाह दाखवणारे नकाशे संगणकयुगाची देणगी वाटतात, पण त्यामागचा विचार रेल्वेच्या बालपणातला आहे. आयर्लंडच्या रेल्वे आयोगासाठी हेन्री हार्नेस या लष्करी अभियंत्याने १८३७ मध्ये प्रवाशांच्या संख्येनुसार रेषांची जाडी ठरवली. १८४५ मध्ये फ्रेंच अभियंता शार्ल जोसेफ मिनार याने दिजाँ ते म्युलूझ या टापूतली ये-जा तशीच रेखाटली. तिथे लोहमार्ग कुठून न्यावा, हा प्रश्न होता. नकाशाचा हा प्रकार निर्णयासाठी जन्मला, आणि लंडनमध्ये त्याने तेच काम केले. २०१० मध्ये तिथे भाड्याच्या सायकली आल्या. प्रत्येक फेरी कुठे सुरू झाली, कुठे संपली याची नोंद होऊ लागली. ती नकाशावर उतरताच कामाच्या दिवशी सकाळी वॉटर्लू आणि किंग्ज क्रॉस स्थानकांकडून कचेऱ्यांकडे जाणाऱ्या जाड रेषा उमटल्या, तर सुटीच्या दिवशी हाइड पार्कभोवतीची गर्दी. सायकल हा निव्वळ विरंगुळा नसून रेल्वेप्रवासाचा शेवटचा टप्पा आहे, हे कोरड्या तक्त्यातून इतके ठसले नसते.

यावर आक्षेप रास्त आहे: जिथे सायकलतळ नाही तिथे रेषाही नाही, आणि रहदारीच्या भीतीने टाळलेली फेरी कुठल्याच नोंदीत येत नाही. पण मिनारनेही फक्त सार्वजनिक घोडागाड्यांतले प्रवासी मोजले होते. पायी चालणारे त्याच्या कागदावर नव्हतेच. मात्र आपण कोणाला मोजले, हे त्याने शीर्षकातच लिहिले होते. आजच्या सायकल-नकाशांकडूनही तोच प्रामाणिकपणा मागायला हवा, कारण त्यांच्या आधारे रस्त्यांची रुंदी ठरते.