आठ फुटांच्या पेटीत तीन फर्ग्युसन

आजही विषय रसदीचाच आहे, पण लढाई नाही. तीन म्हातारे ट्रॅक्टर आणि वीस फुटी कंटेनर.

माझ्या एका कोर्समेटचे वडील फौजेत हवालदार होते. १९४७ नंतर नैनितालच्या तराईत माजी सैनिकांना आणि फाळणीतल्या निर्वासितांना जमिनी दिल्या गेल्या, त्यात त्यांनाही मिळाली. पुरुषभर गवत आणि मलेरिया, अशी ती जमीन. पुढे त्यांनी एक करड्या रंगाचा जुना फर्ग्युसन घेतला आणि सुट्या भागांसाठी म्हणून आणखी दोन जमवले. आता शेत विकलं गेलं. मित्र मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघाला होता आणि वडिलांचे ट्रॅक्टर भंगारात द्यायला तयार नव्हता. फोनवर म्हणाला, "तू जिंदगीभर गाड्या चढवल्यास-उतरवल्यास. ये."

हा ट्रॅक्टर म्हणजे टीई-२०. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत पाच लाखांहून जास्त बनले. युद्धकाळात त्या कारखान्यात विमानांची इंजिनं होत असत. याला वेगळी चासी नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बोल्टने जोडले की तोच सांगाडा. एडमंड हिलरी १९५८च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते असेच फर्ग्युसन चालवत.

आता पेटीकडे या. २६ एप्रिल १९५६ला माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याने 'आयडियल एक्स' जहाजावर ५८ पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. लोखंडी पेट्या अमेरिकी लष्कर त्याआधीच वापरत होतं, हे मी फौजी म्हणून सांगणारच. पण व्यापाराची चाल बदलली ती मॅक्लीनने. पेटीची रुंदी आठ फूट, कारण तिकडच्या रस्त्यांवर ट्रकला तेवढीच मुभा होती. तीच रुंदी पुढे जगभर प्रमाण झाली. म्हणजे ज्या वर्षी पेटी समुद्रावर गेली, त्याच वर्षी या ट्रॅक्टरचं उत्पादन थांबलं. दोघं एकमेकांसाठी बनलेच नव्हते.

मी घरी बसून कागदावर हिशोब केला. ट्रॅक्टरची लांबी सुमारे २.९ मीटर, रुंदी १.६. पेटी आतून ५.९ लांब, २.३५ रुंद. वजनाची चिंताच नाही, तिन्ही मिळून चार टनांच्या आत, आणि पेटी वीस टनांहून जास्त पेलते. दोन एकामागे एक बसतात, तिसऱ्यासाठी चाकं काढू, असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं.

रुद्रपूरला पोहोचून दोन ट्रॅक्टर आत घातले आणि दार लागेना. अवजार उचलणारे मागचे दोन हायड्रॉलिक हात मी मापात धरलेच नव्हते. कंटेनर संध्याकाळी बंदराकडे निघायचा होता. ड्रायव्हर बिडी ओढत घड्याळ बघत होता. मित्र काही बोलला नाही, हे जास्त लागलं.

तेव्हा त्याने टूलबॉक्समधून ट्रॅक्टरचा मूळचा पाना काढला. फर्ग्युसनच्या पान्यावर इंचाच्या खुणा असतात, नांगराची मापं घ्यायला. त्या पान्याने आम्ही पुन्हा इंच न् इंच मोजलं. दोन ट्रॅक्टरांची चाकं, मडगार्ड, पुढचे ॲक्सल आणि मागचे हात काढले. धडं लाकडी स्लीपरवर ठेवली, शेजारी शेजारी पण उलट तोंडाने. एकाच्या रुंद पाठीजवळ दुसऱ्याचं निमुळतं नाक. मागची चाकं गेल्यामुळे लांबीही घटली. उरलेल्या जागेत वडिलांचा ट्रॅक्टर स्वतःच्या चाकांवर दाराशी उभा राहिला, म्हणजे तिकडे तो चालतच उतरेल. सुटी चाकं भिंतीला टेकवून बांधली.

खरा वेळ त्याआधीच्या दोन दिवसांत गेला होता, धुण्यात. परदेशची माती ऑस्ट्रेलिया आत येऊ देत नाही. बोल्टच्या खोबणीत जरी सापडली तरी माल अडतो. मित्राने दाताचा ब्रश घेऊन टायरच्या खाचा घासल्या. काळं पाणी अंगणातून वाहत होतं. त्याची नव्वदीची आई खाटेवर बसून ते बघत होती. ती रुद्रपूरलाच लेकीकडे राहणार होती. मी म्हटलं, "बीजी, आत चला, ऊन आहे." त्या हलल्या नाहीत.

दार लागलं, सील ठोकलं. तेवढ्यात मित्राच्या लक्षात आलं की पाना त्याच्या खिशातच राहिला. सील तोडायचं का, म्हणून ड्रायव्हर माझ्याकडे बघू लागला.

बीजींनी हात पुढे केला आणि पाना मागून घेतला.