दामोदरमधली नमनाची रात्र

मराठी रंगभूमीच्या इतिहासग्रंथांच्या अनुक्रमणिका चाळून पाहाव्यात. पहिल्या प्रकरणाचे नाव बहुधा 'पूर्वपीठिका' किंवा त्यासारखेच काही असते. दशावतार, लळित, भारूड, तमाशा आणि जागा उरलीच तर नमन-खेळे यांची तेथे ओळीने हजेरी घेतली जाते. मग 1843 साल उजाडते, सांगलीस विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' होते, आणि ही मंडळी पुढच्या पानांतून जवळजवळ नाहीशी होतात. अपवाद तमाशाचा, तोही शहरी नाटककारांनी त्याचा घाट उसना घेतला म्हणून. पूर्वज म्हणून ज्याचा मान राखायचा, तो अद्याप जिवंत आहे आणि शेजारच्याच रंगमंचावर उभा आहे, ही गोष्ट इतिहासकाराला अडचणीची वाटत असावी.

हा शेजार आम्हाला परळच्या दामोदर नाट्यगृहात सर्वांत स्पष्ट दिसतो. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणी कामगारांसाठी वाचनालये, रात्रशाळा, दवाखाने असे तिचे काम. या लीगच्या परळमधील वास्तूत 1922 साली हे सभागृह उभे राहिले. त्याला नाव लाभले ते गिरणीमालक ठाकरसी घराण्यातील दामोदर ठाकरसी यांचे. कामगारांसाठी झटणाऱ्या संस्थेच्या रंगमंचावर मालकाचे नाव कोरलेले असावे, यात त्या काळच्या परळची सारी गुंतागुंत आली. असो. कामगार रंगभूमीची चर्चा निघाली की दामोदरचे नाव निघतेच. पण त्या चर्चेत 'कामगार रंगभूमी' म्हणजे कामगारांनी केलेली, छापील संहिता असलेली, तीन अंकी वा एकांकी नाटके, असे आपण मनाशी धरून चाललेलो असतो.

याच सभागृहात रत्नागिरी जिल्ह्यातील गावोगावच्या मंडळांचे नमन आणि शक्ती-तुऱ्याचे सामने होत आले. गिरणगावातला कोकणी कामगार एकटा येत असे. बायको-मुले गावी, आणि हा गावकीच्या खोलीत, एका ट्रंकेच्या आणि एका वळकटीच्या हक्काने. त्या खोलीतच गावाचे मंडळ जन्मास येई, आणि मंडळ आले की मृदंग आला. पुरुषांच्या कानांतील बाळीवरून त्यांना 'बाल्या' म्हणत. त्यांच्या जाखडी नृत्यालाही शहराने 'बाल्या नाच' हेच नाव चिकटवले. त्यात हेटाळणी होती हे उघड आहे. नाचणाऱ्यांनी मात्र ते नाव पुढे स्वतःही वापरले.

गावात हे सारे सणाशी बांधलेले असते. शिमग्यात पालखी सहाणेवर आली की खेळे नाचतात. गौरी-गणपतीत जाखडीचे फेर धरले जातात. पण त्या दिवसांत चाकरमानी मुंबईत थांबत नाही, मिळेल त्या गाडीने गाव गाठतो. म्हणजे मुंबईतला प्रयोग सणाच्या दिवशी होणे शक्यच नव्हते. देव गावी, सण गावी, आणि येथे तिकीट काढलेला प्रेक्षक. पालखीच्या जागी पडद्यामागे फोडलेला एक नारळ. विधीचा प्रयोग कसा होतो, या प्रश्नावर आपण ग्रीक नाटकाची उदाहरणे देत वर्गात तासन्‌तास बोलतो. त्याचे उत्तर परळला रात्री आठ वाजता तिकीटबारीवर मिळत होते.

रंगमंचावर चढताना या खेळाचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. जाखडीत गाणारे-वाजवणारे मध्यभागी बसतात आणि पायांत चाळ बांधलेले नाचणारे त्यांच्याभोवती फिरतात. अंगणात प्रेक्षक चहूबाजूंनी असतो, म्हणून वर्तुळाला पाठ नसते. कमानी रंगमंचाला मात्र एकच दिशा. त्यामुळे वादक बहुधा मागे सरकले, वर्तुळ अनेकदा ओळीत वा अर्धवर्तुळात उलगडले, आणि शाहीर मायक्रोफोनपाशी येऊन थेट प्रेक्षकांशी बोलू लागला. शक्तीवाल्याने प्रश्न टाकायचा आणि तुरेवाल्याने उत्तर देऊन वर नवे कोडे घालायचे, ही शिवश्रेष्ठ की शक्तिश्रेष्ठ या वादातून आलेली सवाल-जवाबाची रीत टिकली. चाली मात्र चित्रपटगीतांच्याही आल्या. नमनातही रात्रभराचा विस्तार नाट्यगृहाच्या वेळेत बसवावा लागला. देवादिकांना आणि ग्रामदेवतेला नमन, गण, गौळण, आणि मग वग असा क्रम राहिला. पुरुषाने रंगवलेली राधा, पेंद्या, मावशी राहिली. काळ्या वेषातला, उंच निमुळत्या टोपीचा संकासूर मात्र कमानीला फारसा जुमानीत नाही. तो खाली उतरतो आणि खुर्च्यांमधून हिंडतो. आमच्या मते त्या रात्रीतला सर्वांत खरा क्षण तोच.

अशा प्रयोगाच्या तिकिटांतून अनेकदा गावातले देऊळ, शाळा, पाण्याची सोय यांसाठी पैसा उभा राहत असे. म्हणजे प्रेक्षक हा केवळ रसिक नव्हता, तो वर्गणीदारही होता. समीक्षेला हे रुचत नाही. तिला शुद्ध रसिक हवा असतो.

मग हे सारे इतिहासात का नाही? आमचे उत्तर साधे आहे: छापील पुस्तक नाही म्हणून. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' 1980 मध्ये आले. गावातल्या नाटकाची फजिती दाखवत त्याने प्रचंड लोकप्रियता मिळवली, आणि संहिता असल्याने ते आपल्या अभ्यासात सहज बसले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांची कवने छापली गेली, म्हणून गिरणगावची शाहिरी निदान अर्धी तरी वाचली. नमनाचा वग आणि शक्ती-तुऱ्याचे कवन शाहिराच्या हस्तलिखित वहीत राहते, गुरूकडून शिष्याकडे जाते. शेवटच्या कडव्यात शाहीर आपले व गुरूचे नाव गुंफतो. म्हणजे कर्तृत्वाची नोंद आहे, परंपरेचा आलेख आहे. आपण मात्र तिला 'लोक' हे निनावी विशेषण लावून मोकळे होतो.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे झाले नाही. खोल्या विकल्या गेल्या, माणसे विरार, दिवा, नालासोपाऱ्याकडे सरकली. मंडळे टिकली; नाचणाऱ्यांत पुढे मुलीही आल्या. 2023 च्या अखेरीस दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा त्याच्या पाडकामाविरुद्ध रंगकर्मींनी आवाज उठवला. त्या निमित्ताने कोकणच्या लोककलांचाही उल्लेख झाला. नव्या सभागृहात आसने किती असतील, भाडे किती असेल, याची चिंता नाटकवाल्यांइतकीच गावमंडळांनाही आहे. तो प्रश्न संबंधितांनी सोडवावा. शाहिरांच्या वह्यांचा प्रश्न मात्र मराठीच्या विभागांकडे येतो. त्या वह्या परळमध्ये नाहीत. चाळीतल्या फळीवर, संगमेश्वर-गुहागरच्या घरांत, शिष्यांच्या पिशव्यांत आहेत, आणि अद्याप वापरात आहेत.